बाहेरचे ॲप आणि बाहेरचा पार्ट

मोबाइलमध्ये नवे ॲप दोन वाटांनी येते. एक वाट ॲप स्टोअरची: अँड्रॉइड फोनवर गूगलचे प्ले स्टोअर, आयफोनवर ॲपलचे ॲप स्टोअर. दुसरी वाट थेट फाइलची. ॲप करणाऱ्याच्या संकेतस्थळावरून, व्हॉट्सॲपवरून किंवा पेनड्राइव्हवरून एपीके नावाची फाइल घ्यायची आणि फोनवर टाकायची. याला साइडलोडिंग म्हणतात. अँड्रॉइडवर ही वाट पहिल्यापासून उघडी आहे. भारतातल्या आयफोनवर सामान्य ग्राहकाला ती बंद आहे. भारतात दर शंभर स्मार्टफोनपैकी नव्वदहून अधिक अँड्रॉइडवर चालतात. त्यामुळे ॲप कुठून घ्यायचे, विकणाऱ्याने कोणाला किती टक्के द्यायचे आणि बाहेरून ॲप टाकताना फोनने किती अडवायचे, हे आपल्याकडे मुख्यतः गूगलच्या नियमांवर ठरते.

पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, तळवडे या औद्योगिक पट्ट्यात ही दुसरी वाट का लागते, ते छोट्या व्हेंडरकडे पाहिले की कळते. एखाद्या प्रेस शॉपला हजेरी, जॉबकार्ड, रिजेक्शनची नोंद आणि डिस्पॅचचे चलन यासाठी स्वतःपुरते ॲप हवे असते. वापरणारे पंधरा-वीस जण: सुपरवायझर, स्टोअरकीपर, क्वालिटीवाला, टेम्पोचा ड्रायव्हर. असे ॲप प्ले स्टोअरवर चढवायचे तर पंचवीस डॉलर भरून खाते काढावे लागते. करून देणाऱ्याचे खाते नवे आणि वैयक्तिक असेल, तर ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान बारा परीक्षकांकडून सलग चौदा दिवस वापरून घ्यावे लागते, मग तपासणी. शॉपच्या बाहेर ज्याचा कोणालाही उपयोग नाही, त्या ॲपसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही. ओळखीचा प्रोग्रॅमर एपीके पाठवतो, सुपरवायझर ती उघडतो, फोन इशारा देतो, सेटिंगमध्ये जाऊन एक परवानगी चालू करावी लागते आणि दोन मिनिटांत ॲप सुरू होते. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळी व्यवस्था असते. कंपनीने दिलेले फोन तिच्या आयटी विभागाच्या ताब्यात असतात आणि अंतर्गत ॲप्स त्या विभागाकडूनच उतरतात. ती व्यवस्था पंधरा माणसांच्या शॉपला परवडत नाही.

एपीके म्हणजे मुळात एक झिप फाइल. तिच्यात ॲपचा कोड, चित्रे, मजकूर आणि एक जाहीरनामा असतो. ॲपचे नाव काय, त्याला कॅमेरा हवा की एसएमएस हवेत, हे त्या जाहीरनाम्यात लिहिलेले असते. शिवाय तिच्यावर करणाऱ्याची डिजिटल सही असते. फोन ती सही लक्षात ठेवतो. पुढची आवृत्ती आली की सही तीच आहे का ते तपासतो आणि जुळली नाही तर अपडेट नाकारतो. त्यामुळे एकदा खरे ॲप बसले की दुसऱ्या कोणाला त्याच नावाची खोटी आवृत्ती त्यावर चढवता येत नाही. प्रोग्रॅमरकडून सहीची किल्ली हरवली, तर मात्र जुने ॲप काढून नवे टाकण्यावाचून इलाज नसतो आणि फोनमध्ये साठवलेल्या नोंदी जातात. ही सुरक्षा ॲप कुठून आले यावर अवलंबून नाही. स्टोअर नसले तरी ती काम करते. तिला एकच गोष्ट सांगता येत नाही: पहिल्यांदा टाकताना सही करणारा माणूस भला आहे की भामटा.

त्या पहिल्या वेळेसाठीच फोनमधले अडथळे आहेत आणि ते वर्षागणिक वाढत गेले. पूर्वी ‘अननोन सोर्सेस’ हे एकच बटण होते. ते चालू केले की कुठूनही काहीही येई. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ॲपनिहाय झाली. ब्राउझरला दिली म्हणून व्हॉट्सॲपला मिळत नाही. २०२१ च्या अँड्रॉइड १२ ने उलट दिशेने एक चांगली सोय केली. बाहेरच्या स्टोअरला त्याने स्वतः बसवलेली ॲप्स दर वेळी न विचारता अपडेट करता येऊ लागली. २०२२ च्या अँड्रॉइड १३ ने बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीसारख्या संवेदनशील सेटिंगपासून दूर ठेवायला सुरुवात केली. ॲक्सेसिबिलिटी ही सोय दृष्टिहीनांसारख्या दिव्यांगांसाठी आहे. तिच्यामुळे ॲपला पडद्यावरचे सगळे वाचता येते आणि वापरणाऱ्याच्या वतीने बटणे दाबता येतात. भामट्यांनी तिचा भरपूर गैरवापर केला.

वाट उघडी असली, तरी बाजार मात्र खुला राहिला नाही. त्याचे कारण करारांत आहे. अँड्रॉइडचा मूळ कोड कोणालाही फुकट मिळतो. प्ले स्टोअर मिळत नाही. फोन बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर हवे असेल, तर गूगलशी करार करावा लागतो. त्या कराराने सर्च, क्रोम, यूट्यूब अशी गूगलची ॲप्स एकगठ्ठा आणि ठरलेल्या जागी बसवणे बंधनकारक केले होते. दुसऱ्या कराराने अँड्रॉइडच्या वेगळ्या अवतारावर चालणारे फोन विकायला मनाई केली होती. प्ले स्टोअरशिवाय फोन विकला जात नाही, म्हणून सही करण्याला पर्याय नव्हता. प्ले स्टोअरचा आणखी एक नियम असा की त्यावर दुसरे ॲप स्टोअर ठेवता येत नाही. त्यामुळे प्रतिस्पर्धी स्टोअरला ग्राहकाच्या फोनवर पोचायचे तर फोन कंपनीने आधीच बसवून द्यावे लागते, नाहीतर इशाऱ्यांच्या पायऱ्या ओलांडत एपीके म्हणून यावे लागते.

भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०१९ मध्ये याची चौकशी लावली. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि पाचच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, प्ले स्टोअरच्या पैसे वसुलीच्या नियमांबद्दल आणखी ९३६.४४ कोटींचा. पहिल्या आदेशात दंडापेक्षा निर्देश महत्त्वाचे होते. ॲप्स एकगठ्ठा लादू नका, वेगळा अँड्रॉइड बनवणाऱ्याला अडवू नका, हे तर होतेच. शिवाय प्ले स्टोअरवर इतर ॲप स्टोअर ठेवू द्या, ॲप करणाऱ्यांना साइडलोडिंगने ॲप वाटताना कोणतीही आडकाठी करू नका आणि आधीपासून बसवलेली गूगलची ॲप्स ग्राहकाला काढून टाकता येऊ द्या, असेही त्यात होते. राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, पण हे तीन निर्देश आणि प्ले सेवांच्या तांत्रिक जोडण्यांबद्दलचा चौथा रद्द केला. म्हणजे बाहेरचे ॲप आणि बाहेरचे स्टोअर यांना थेट हात देणारा भागच गळाला. एकगठ्ठा ॲप्सबाबतचे निर्देश राहिले. त्यानुसार गूगलने जानेवारी २०२३ मध्येच भारतापुरते नियम सैल करण्याचे जाहीर केले होते.

चाकण-भोसरीच्या पट्ट्याला हा वाद नवा वाटायचे कारण नाही. याच आयोगाने, याच २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली, २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना २,५४४.६५ कोटींचा दंड केला होता. त्यांत टाटा मोटर्स, महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ होत्या. या चारही कंपन्यांचे कारखाने पिंपरी-चिंचवड ते चाकण या भागात आहेत. तक्रार अशी होती की या कंपन्या अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपत्रके आणि दोष शोधण्याची साधने फक्त आपल्या अधिकृत वर्कशॉपला देतात, बाहेरच्या गॅरेजला नाही. दोष शोधण्याची साधने म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचे यंत्र आणि त्यातले सॉफ्टवेअर. ते नसले तर अनुभवी मेकॅनिकही डॅशबोर्डवर पेटलेल्या दिव्याचे कारण सांगू शकत नाही.

त्या प्रकरणाची दुसरी बाजू चाकण-भोसरीच्या व्हेंडरला जास्त लागणारी होती. गाडीतले बहुसंख्य भाग मोटार कंपनी स्वतः करत नाही, व्हेंडर करतो. पण अनेक करारांनुसार व्हेंडरला तोच भाग गॅरेजला किंवा दुकानदाराला थेट विकता येत नव्हता. आयोगाने ही अट उठवायला सांगितली: व्हेंडरला खुल्या बाजारात विकू द्या, बौद्धिक संपदा तुमची असेल तर वाजवी स्वामित्वशुल्क घ्या, पण दार बंद करू नका. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही बजावले.

कंपन्यांचा बचाव आजही वाचण्याजोगा आहे. बाहेर बनावट माल मिसळतो, अर्धशिक्षित मेकॅनिक चुकीचा भाग बसवतो, ब्रेक निकामी झाला तर जीव जातो, असे त्या म्हणाल्या. यात खोटे काही नाही. पण धोका खरा असल्याने सगळा बाजार एकाच्या हाती देणे योग्य ठरते का, हा वेगळा प्रश्न आहे. आयोगाने तो वेगळा ठेवला. सुरक्षेसाठी लागतील तेवढी बंधने घाला, त्याहून अधिक नको, असा त्या आदेशाचा रोख होता. गूगल आणि ॲपल जो युक्तिवाद करतात, तो शब्दांच्या थोड्या फरकाने हाच आहे. आठ वर्षांच्या अंतराने आयोगाने दोन्हीकडे जवळपास सारखे उत्तर दिले, यात सुसंगती आहे आणि ते उत्तर बरोबर आहे.

दोन्ही प्रकरणांत दंडाचे गणितही एकाच मुद्द्यावर अडले. दंड कंपनीच्या एकूण उलाढालीवर लावायचा की ज्या धंद्यात गैरप्रकार झाला तेवढ्याच उलाढालीवर? सुट्या भागांच्या प्रकरणात तेव्हाच्या स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये टोयोटा, फोर्ड आणि निसान यांच्या अपिलांवर दुसरा मार्ग धरला. गूगलच्या प्ले स्टोअर प्रकरणात मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने त्याच न्यायाने ९३६.४४ कोटींचा दंड २१६.६९ कोटींवर आणला. मधल्या काळात कायदा बदलला. २०२३ च्या दुरुस्तीने जगभरच्या उलाढालीवर दंड लावण्याची तरतूद केली आणि ॲपलने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे.

पैसे वसुलीचा वाद ॲप विकणाऱ्यांच्या पोटाशी येतो. ॲपमधून डिजिटल सेवा विकली, म्हणजे मासिक वर्गणी, ऑडिओ पुस्तक किंवा विवाहस्थळाचे सभासदत्व, तर दोन्ही स्टोअर पंधरा ते तीस टक्के कापून घेत. कापड किंवा जेवण विकणाऱ्या ॲपला हा कर नाही. तो ज्या मालाला गोदाम लागत नाही त्यालाच. आयोगाच्या आदेशानंतर गूगलने भारतात दुसऱ्या मार्गाने पैसे घ्यायला परवानगी दिली, पण तसे केले तरी ११ ते २६ टक्के शुल्क ठेवले. फक्त चार टक्क्यांची सूट, आणि त्या चार टक्क्यांत दुसऱ्या पेमेंट कंपनीचा खर्च भागवायचा. १ मार्च २०२४ रोजी शुल्क न भरल्याच्या कारणावरून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप्स प्ले स्टोअरवरून काढली. त्यांत मुंबईच्या शादी डॉट कॉमचे आणि मराठीतूनही ऑडिओ कार्यक्रम देणाऱ्या मुंबईच्याच कुकू एफएमचे ॲप होते. केंद्र सरकारने मध्यस्थी केल्यावर काही दिवसांत ॲप्स परत आली. ज्या दुकानात जवळपास सगळे गिऱ्हाईक येते त्या दुकानातून एका दिवसात बाहेर काढले जाणे काय असते, हे त्या आठवड्यात देशभर दिसले.

पर्यायी दुकान उभे करण्याचा सर्वांत चिकाटीचा भारतीय प्रयत्न मुंबईत झाला. राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि सुधीर बंगारमबंडी या आयआयटी मुंबईच्या तीन माजी विद्यार्थ्यांनी भारतीय भाषांसाठी अँड्रॉइडवर आधारित प्रणाली बांधली. २०१५ पासून ती इंडस ओएस नावाने मायक्रोमॅक्सच्या फोनवर मिळू लागली. तिच्याबरोबर ‘ॲप बझार’ हे स्टोअर होते. ते मराठीतून चाळता येई आणि त्यासाठी ई-मेल खातेही लागत नसे. पुढे भारतीय फोन कंपन्यांचा बाजार चिनी कंपन्यांपुढे आटला, प्रणाली मागे पडली आणि स्टोअर उरले. ते फोनपेने घेतले आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘इंडस ॲपस्टोअर’ म्हणून मराठीसह बारा भारतीय भाषांत नव्याने सुरू केले. ॲपमधल्या विक्रीवर कमिशन नाही आणि पेमेंटची कंपनी ज्याची त्याने निवडावी, हे त्याचे धोरण आहे. तरीही ते प्ले स्टोअरवर मिळत नाही. त्याचा प्रसार फोन कंपन्यांनी ते आधीच बसवून देण्यावर आणि ग्राहकाने स्वतः एपीके उतरवण्यावर अवलंबून आहे.

सरकारी प्रयत्न त्याआधीचा आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने केंद्राच्या मोबाइल सेवा प्रकल्पासाठी सरकारी ॲप्सचे स्वतंत्र स्टोअर बांधले. सर्वसामान्यांत ते रुजले नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचे एफ-ड्रॉइड २०१० पासून चालू आहे. त्यावरच्या प्रत्येक ॲपचा मूळ कोड जाहीर असतो आणि जाहिरातींसाठी पाळत ठेवणारे भाग असले तर तसे स्पष्ट लिहिलेले असते. ज्यांना आपल्या फोनमध्ये काय चालते ते जाणून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी याहून प्रामाणिक स्टोअर सापडणे कठीण.

साइडलोडिंगविरुद्धचा सर्वांत जड मुद्दा फसवणुकीचा आहे आणि तो औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाच्या रोजच्या अनुभवातला आहे. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके येते, कधी लग्नपत्रिका म्हणून, कधी पीएम किसानची यादी म्हणून. वीजबिल थकल्याचे सांगून ॲप टाकायला लावणाऱ्यांबद्दल महावितरणने ग्राहकांना वारंवार सावध केले आहे. फाइल ओळखीच्या नंबरवरून येते, कारण तो फोन आधीच फसलेला असतो. ती टाकली की एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली जाते. ती मिळाली की बँकेचा ओटीपी मालकाच्या नजरेला पडण्याआधीच दुसरीकडे जातो आणि तीच फाइल त्याच्या सगळ्या संपर्कांना रवाना होते. रात्रपाळीहून आलेल्या कामगाराच्या खात्यातला पगार अशा रीतीने झोपेत जातो. असे झाले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पहिल्या तासाभरात तक्रार गेली तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

या फसवणुकीवर नेमका उपाय गूगलने २०२४ च्या अखेरीस भारतात चाचणी म्हणून आणला. ब्राउझर, मेसेज किंवा फाइल मॅनेजरमधून आलेले ॲप एसएमएस वाचणे, एसएमएस घेणे, नोटिफिकेशन पाहणे किंवा ॲक्सेसिबिलिटी यांपैकी काही मागत असेल, तर फोनमधली प्ले प्रोटेक्ट ही गूगलची सुरक्षा यंत्रणा ते थांबवते. शॉपमधल्या हजेरीच्या ॲपला यातले काहीच लागत नाही. चलनाच्या खोट्या ॲपला नेमके हेच लागते. धोका जिथे आहे तिथेच अडवणारा असा नियम योग्य आहे.

स्टोअरचा पहाराही अभेद्य नाही, हे याच संदर्भात लक्षात ठेवावे. धमक्या देऊन वसुली करणारी, फोटोंची विटंबना करणारी कर्ज ॲप्स वर्षानुवर्षे प्ले स्टोअरवरच मिळत होती. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलने अशी २,२०० हून अधिक ॲप्स काढून टाकली. तोवर ती अधिकृत दुकानातूनच उतरवली गेली होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने आणखी पुढचे पाऊल जाहीर केले. प्रमाणित अँड्रॉइड फोनवर कुठल्याही वाटेने ॲप टाकायचे, तर ते करणाऱ्याने गूगलकडे आपली ओळख नोंदवलेली असली पाहिजे. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, २०२७ पासून इतर देशांत. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मर्यादित वाटपाचे खाते असेल असे सांगण्यात आले. एफ-ड्रॉइडने यावर कडाडून टीका केली. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने जाणकारांना धोका पत्करून नोंदणी नसलेले ॲप टाकण्याची वाट ठेवू असे म्हटले. ओळख नोंदवण्याची कल्पना वाईट नाही. निनावी भामट्याला ती जड जाईल. अडचण नोंदवही कोणाकडे असावी याची आहे. जी कंपनी स्वतः सर्वांत मोठे स्टोअर चालवते, तिच्याच हाती प्रतिस्पर्ध्यांच्या प्रत्येक ॲपचा परवाना जातो. हे काम एखाद्या स्वतंत्र, उत्तरदायी संस्थेकडे असायला हवे.

परदेशात या बाबतीत कायद्याने बरीच वाट तोडली आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर ॲपलखेरीज इतर स्टोअर टाकता येतात. जपानचा तशाच स्वरूपाचा कायदा डिसेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे लागू झाला. अमेरिकेत फोर्टनाइट या खेळाच्या एपिक कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये ॲपल आणि गूगल या दोघांवर खटले भरले. गूगलविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने निकाल दिला आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी प्ले स्टोअरमध्ये प्रतिस्पर्धी स्टोअर ठेवू देण्याचा आदेश काढला. आपल्या अपील न्यायाधिकरणाने रद्द केलेला निर्देश तो हाच.

चाकणच्या दृष्टीने याहून जवळचा निकाल इटलीतून आला. एनेल एक्स या कंपनीचे विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंग केंद्र शोधून देणारे ॲप गूगलने अँड्रॉइड ऑटोवर, म्हणजे गाडीच्या पडद्यावर, येऊ दिले नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२१ मध्ये १० कोटी २० लाख युरोंचा दंड केला. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी युरोपीय न्यायालयाने म्हटले की अशी अडवणूक वर्चस्वाचा गैरवापर ठरू शकते. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्या चाकणलाच बनतात, फोक्सवॅगनच्या प्रकल्पातून टायगुन आणि व्हर्टस निघतात आणि या सगळ्यांच्या पडद्यावर अँड्रॉइड ऑटो चालते. प्ले स्टोअरबाहेरून टाकलेले ॲप त्या पडद्यावर सहजी दिसत नाही. त्यासाठी फोनमधले अँड्रॉइड ऑटोचे डेव्हलपर सेटिंग उघडून तिथेही ‘अननोन सोर्सेस’ चालू करावे लागते. २०१४ च्या आदेशात गाडीच्या संगणकाचे सॉफ्टवेअर गॅरेजवाल्याला द्या असे म्हटले होते. आता गाडीचा पडदाच ॲप्सचा बाजार झाला आहे आणि त्या बाजारात कोणी यायचे, हा त्याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे.

भारतात यासाठी वेगळा कायदा अजून नाही. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. गैरप्रकार घडल्यावर वर्षानुवर्षे चौकशी करण्याऐवजी मोठ्या कंपन्यांवर आधीच काही बंधने घालण्याची त्याची रचना आहे. ॲप बाहेरून टाकण्याची मुभा त्यांपैकी एक आहे. मसुद्यावर हरकती आल्या, कायदा झाला नाही. प्ले स्टोअरच्या शुल्काबाबतची अपिले ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीसाठी दाखल करून घेतली. अँड्रॉइड प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने रद्द केलेल्या चार निर्देशांविरुद्धची दादही तिथेच मागितली गेली आहे.